काठाला लागू दे

"धरलंय गं मी. धरलंय. तू नुसते हात मार."

सत्तेचाळीस वर्षं झाली, हा आवाज सुचेताच्या कानात मुक्कामाला आहे. वाईचा घाट, चैत्रातली सकाळ, पायऱ्यांवर वाळत घातलेली धुणी, आणि कृष्णेच्या पाण्यात सात वर्षांची सुचेता. पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा त्या दिवशी पहिल्यांदा सुटला होता. पोटाखाली बाबांचा तळहात होता, तेवढीच काय ती जमीन. कमलाकर मास्तर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि उन्हाळ्यात गावातल्या पोरांना पोहायला. डोळे मिटून, ओठ दाबून ती हात मारत राहिली, आवाज "धरलंय, धरलंय" म्हणत राहिला, आणि बोटं पलीकडच्या पायरीला लागली तेव्हा तिनं वळून बघितलं. बाबा पार अलीकडच्या काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. दोन्ही हात वर करून हसत होते.

ही गोष्ट मास्तरांनी पुढं दारात आलेल्या प्रत्येकाला सांगितली. अतुल तिला बघायला आला तेव्हा कांदेपोह्यांच्या आधी त्याला ही गोष्ट मिळाली. "शेवटपर्यंत पत्ता लागला नाही पोरीला," असं म्हणून ते मांडीवर थाप मारत, आणि सुचेता खाली मान घालून हसत असे.

मास्तरांचा घाटावर एक कायदा होता. पाण्यात असलेल्या माणसाला काठावरून काही म्हणजे काही सांगायचं नाही. एकदा एका बाईंनी पायरीवर उभं राहून पोहणाऱ्या मुलाला ओरडून सांगितलं होतं की रिझल्ट लागला आणि तू नापास झालास. पोरगं होतं तिथंच गटांगळ्या खायला लागलं. मास्तरांनी केसाला धरून त्याला बाहेर काढलं आणि त्या बाईंना सगळ्यांदेखत सुनावलं, "काठाला लागू दे, मग बोला. बातमी काय पळून जातीय?"

दोन्ही आवाज एकाच गळ्यातले. पण या रविवारी, स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर, कर्कवॉलच्या धक्क्यावर उभी असताना सुचेताला फक्त पहिला आठवला, कारण त्या दिवशी बाबांचा आवाज आलाच नव्हता.

गेली अठ्ठावीस वर्षं दर रविवारी सकाळी नऊला ती ग्लासगोहून वाईला फोन लावत आली होती. तिकडे दुपारचे दीड वाजलेले असत, मास्तर जेवून पानाचा डबा घेऊन बसलेले असत, आणि फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "बोला, स्कॉटलंड." आई होती तोवर ती मागून ओरडायची की जरा मलाही द्या. या रविवारी रिंग वाजत राहिली. मग धाकट्या भावाचा, नकुलचा मेसेज आला. ताई, बाबांच्या फोनचा माईक गेलाय. दुकानात दिलाय. बाबा मजेत आहेत. तुम्ही ट्रिप एन्जॉय करा.

चार वाक्यं आणि चार पूर्णविराम. नकुलनं जन्मात कधी मेसेजला पूर्णविराम दिला नव्हता.

"काय म्हणतोय नकुल?" अतुलनं विचारलं. त्यानं विचारायच्या आधी क्षणभर थांबून घेतलं होतं, हे तिच्या कानानं टिपलं.

सुचेता कान तपासण्याचंच काम करायची. ग्लासगोतल्या एका हॉस्पिटलात चोवीस वर्षं ती ऑडिओलॉजिस्ट होती. बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि आवाज ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. तिला ऐकू येणाऱ्यांपेक्षा न येणारे जास्त ओळखू यायचे. आपण बहिरे होत चाललोय हे मान्य नसलेली म्हातारी माणसं काहीही ऐकू आलेलं नसताना बटण दाबतात. अशांसाठी एक युक्ती असते. मध्येच आवाज न सोडता थांबायचं आणि बघायचं. शांततेला ज्यानं बटण दाबलं, तो खोटं बोलतोय.

ही सफर ठरवली होती त्यांच्या मुलीनं. अन्वी सव्वीस वर्षांची, जन्म ग्लासगोचा. गोव्हनच्या जुन्या चर्चमध्ये व्हायकिंग लोकांचे थडग्यावरचे कुबडे दगड आहेत, ते शाळेच्या सहलीत बघून आल्यापासून तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं, आणि आता ती त्यातच मास्टर्स करत होती. आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तिनं जानेवारीतच एक शिडाची होडी ठरवून ठेवली होती, चालवणाऱ्या बाईंसकट. ऑर्कनीच्या बेटांमधून सहा दिवस, व्हायकिंगांच्या खुणा बघत. होडीचं नाव 'टिस्टी'. इकडच्या एका काळ्या, लाल पायांच्या समुद्रपक्ष्याला तसं म्हणतात. चालवणाऱ्या बाई इंगा, साठीच्या, वाऱ्यानं भाजलेल्या चेहऱ्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच तासाला लाइफजॅकेट चढवून घेतली आणि सांगून टाकलं की बेटांच्या मध्ये फोनला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा जे काही महत्त्वाचं असेल ते आत्ताच बोलून घ्या.

अतुलनं हे ऐकून पाण्याकडे बघितलं. अन्वीनं बाबाकडे बघितलं. आणि सुचेतानं दोघांकडे.

तिचा संशय हवेतून आला नव्हता. अडीच वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा सुचेताचं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. मंगळवारी नकुलचा फोन आला आणि अतुलनं तो घेतला. तिला सांगितलं शनिवारी. मधले चार दिवस तो तिला मऊ भात कालवून देत होता, उशी सारखी करत होता, आणि आई कशी आहे विचारलं की म्हणत होता, "बरी आहे." तिकडे अग्नी दिला गेला, अस्थी कृष्णेत गेल्या, आणि इकडे लेक टीव्हीवर बेकिंगचा कार्यक्रम बघत हसत होती. ते हसणं तिनं स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

आई जात्यावर बसलेली तिनं कधी पाहिली नव्हती, मिक्सरच्या जमान्यातलीच ती. पण आजीकडून आलेल्या ओव्या आईच्या तोंडी होत्या आणि सुचेता परदेशी आल्यावर त्यात एक नवी जोडली गेली होती. भांडी विसळताना आई ती म्हणायची:

पैलतीराच्या लेकीचा, वारा आणीना सांगावा
कृष्णामाईच्या पाण्याला, किती निरोप मागावा

आईचा सांगावा तर आला होता. घरच्या माणसानं तो चार दिवस खिशात ठेवला होता.

त्या शनिवारी सुचेता स्वयंपाकघराच्या फरशीवर टाके सांभाळत बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं अतुलला उठवून हॉलमध्ये नेलं आणि अन्वीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की पुन्हा असं करणार नाही. अन्वी सोफ्यावर सिरीअल खात होती. बाबाचा जड तळवा डोक्यावर आला तेव्हा चमचा तसाच तोंडाशी धरून तिनं विचारलं होतं, "मी मरणार आहे का?"

तेव्हापासून घरात कुणी आवाज खाली केला की सुचेताचे कान वर होत.

रविवारी दुपारी 'टिस्टी' कर्कवॉलमधून निघाली. वारा बेताचा, पाणी करड्या रेशमासारखं, आणि काठ मागं मागं जायला लागला. अतुल, जो क्लाइड नदीवरच्या फेरीबोटीत दहा मिनिटांत पांढराफटक पडतो, तो शिडाची दोरी धरून गाणं गुणगुणत होता. आणि अन्वी मराठी बोलत होती.

हे तर फारच वाईट लक्षण होतं. अन्वी आईशी इंग्रजीत बोलायची, आई मराठीत उत्तर द्यायची, अशीच त्यांची वीस वर्षं गेली होती. मराठी ती फक्त अडचणीत आली की काढायची. शाळेत मार्क कमी पडले तेव्हा, गाडीला पोचा पडला तेव्हा. आता ती आईच्या शेजारी टेकून, एकेक शब्द निवडून सांगत होती की परत जाताना आपण मेसहाव बघायची, तिथं आत भिंतीवर लिहिलाय. बर्फाच्या वादळात अडकलेले व्हायकिंग त्या जुन्या थडग्यात शिरले आणि त्यांनी भिंतीवर काय वाट्टेल ते कोरून ठेवलं. मी अमुक. मी तमुक. अमकी बाई सगळ्यांत सुंदर.

"त्यांना काहीच गप्प नाही ठेवता आला, आई," अन्वी म्हणाली.

"आपल्याकडे बरं ठेवता येतं सगळ्यांना," सुचेता म्हणाली.

अन्वीनं ओठ चावला आणि ती लगेच इंगांना काहीतरी मदत करायला गेली.

सोमवारी एगिल्से बेटावर उतरले. सपाट, गवताळ, वारा वाहून नेईल असं वाटणारं बेट, आणि त्यावर छप्पर नसलेलं एक जुनं चर्च. त्याला उंच गोल मनोरा. चर्चच्या भिंतीशी बसून इंगांनी चहाचा थर्मास उघडला आणि गोष्ट सांगितली. नऊशे वर्षांपूर्वी ऑर्कनीवर दोन चुलत भावांचं राज्य होतं, मॅग्नस आणि हाकोन. भांडणं मिटवायला याच बेटावर भेटायचं ठरलं. प्रत्येकानं दोनच जहाजं आणायची असा करार. मॅग्नस दोन घेऊन आला आणि वाट बघत बसला. मग क्षितिजावर हाकोनची जहाजं दिसली. एक, दोन, तीन. आठपर्यंत मोजून झाली आणि मॅग्नसला कळलं की आपलं काय होणार आहे. तो पळाला नाही. हाकोननं शेवटी आपल्या आचाऱ्याला कुऱ्हाड धरायला लावली. आचारी रडत होता म्हणे.

"त्याला मोजल्यावर कळलं?" सुचेतानं विचारलं.

इंगा म्हणाल्या की बहुतेक तिसऱ्या जहाजालाच कळलं असणार. पुढची पाच त्यानं नुसती खात्री म्हणून मोजली असतील.

सुचेताच्या हातातला चहा गार झाला. तिची जहाजं किती झाली होती? बाबांचा न लागलेला फोन हे पहिलं. नकुलचे पूर्णविराम हे दुसरं. अन्वीची मराठी तिसरं. समुद्र न लागणारा अतुल चौथं. आणि पाचवं आत्ता समोर चाललं होतं. मनोऱ्याचा फोटो काढतो म्हणून अतुल उठला होता, आणि चर्चच्या मागं, टेकाडासारख्या उंचवट्यावर, फोन आभाळाकडे धरून उभा होता. रेंज शोधणाऱ्या माणसाची ती मुद्रा. फोटो काढणारा माणूस मनोऱ्याकडे पाठ करत नाही.

तो खाली आला तेव्हा तिनं नुसतं विचारलं, "आले का फोटो?"

"मस्त आलेत."

तिनं बघायला मागितले नाहीत. मागितले असते तर त्यानं दाखवलेही असते, कुठले तरी.

मंगळवारी राउझी बेटापाशी नांगर टाकला. किनाऱ्यावर व्हायकिंगांची थडगी सापडली होती. अन्वी सांगत होती की काही माणसांना होडीत ठेवून पुरलं होतं, सोबत पुरुषांची हत्यारं, बायकांचे विळे, कंगवे. सुचेता ऐकत होती आणि मनाशी हिशेब घालत होती, दिवसांचा. शेवटचं बोलणं मागच्या रविवारी. मंगळवारी नकुलनं बाबांचा जिलबी खातानाचा फोटो पाठवला होता. म्हणजे जे काही झालं ते बुधवारनंतर. शुक्रवारी पहाटे अतुलचा फोन थरथरला होता आणि तो बाथरूममध्ये गेला होता. ऑफिसचं काम, म्हणाला होता. शुक्रवार धरला तर आज पाचवा दिवस. दहावा येत्या रविवारी. इथून कर्कवॉल, कर्कवॉलहून एडिंबरा, मग मुंबई, मग वाई. दहाव्याला पोचता येईल. निदान कावळ्याला घास ठेवायला तरी.

आपण मनात वडलांचा दहावा मोजतोय हे लक्षात आलं तेव्हा तिनं मोजणं थांबवलं. थडग्यांकडे पाठ करून तिनं ठरवलं की आता परीक्षा घ्यायची.

दुपारी होडीत बसून सगळे मेथीचे पराठे आणि लोणचं खात होते. इंगांनाही एक दिला होता, त्या तो केकसारखा सुरीनं कापत होत्या. सुचेतानं लोणच्याची बरणी अतुलकडे सरकवली आणि सहज आवाजात म्हणाली, "नकुलचा मेसेज होता सकाळी, एक मिनिट रेंज आली तेव्हा. बाबा काल गणपतीच्या देवळात कीर्तनाला गेले होते म्हणे."

मेसेज आला नव्हता. कीर्तन नव्हतं. तिनं शांतता सोडली होती.

अतुलनं घास गिळला. "हो, मलाही म्हणाला. बरं झालं, तेवढेच बाहेर पडले."

त्यानं बटण दाबलं.

सुचेतानं पराठ्याचा तुकडा तोडला, तोंडात घातला, चावला. चव लागली नाही. तीस वर्षं शेजारी झोपलेला माणूस. नळ दुरुस्त करणारा, तिच्या आईचं औषध इकडून पाठवणारा, कुणाला कधी फसवलं नाही असा माणूस, आणि किती गुळगुळीत खोटं बोलला. अन्वी उघड्या खिडकीबाहेर बघत होती. तिच्या गालावर पाणी होतं की समुद्राचा तुषार हे बघायला सुचेता थांबली नाही. ती वर डेकवर गेली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत खाली आली नाही. विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. विचारलं की तो अजून एक खोटं बोलेल, आणि मग तिला त्याच्याबरोबर पुढं राहता येईल की नाही याची तिला खात्री वाटेना.

बुधवारी सकाळी 'टिस्टी' वेस्ट्रे बेटावर पिअरवॉलच्या धक्क्याला लागली. इंगांनी दोर बांधले. कार्यक्रम असा होता की दुपारी चालत जाऊन जुन्या व्हायकिंग शेतघराचे अवशेष बघायचे. अतुल आणि अन्वी दुकानातून दूध-ब्रेड आणायला गेले, आणि सुचेता धक्क्याच्या टोकाला गेली. फोनवर दोन काड्या रेंज होती. इकडे अकरा, तिकडे साडेतीन.

नकुलला नाही. मोबाइलला नाही. घरातला जुना लँडलाइन, जो कुणी लावत नाही, ज्याचा नंबर तिच्या बोटांना पाठ आहे, तो तिनं लावला.

सहा रिंगा झाल्या. सातव्याला कुणीतरी उचललं.

"हॅलो?" ती म्हणाली. "हॅलो, कोण बोलतंय?"

उत्तर नाही. पण फोन रिकामा नव्हता. पलीकडे श्वास होता. जड, नाकातून येणारा, मध्येच अडखळणारा. चोवीस वर्षं बारीक आवाजांवर पोट भरलेल्या बाईनं डोळे मिटले आणि कान त्या श्वासाला लावला. तो आत गेला, थांबला, बाहेर आला, आणि बाहेर येताना त्याला एक धक्का होता. ओठ जुळवायच्या आधी होतो तसा. ब म्हणायच्या आधी.

"बाबा?"

श्वास भराभर चालायला लागला. मग लांबून नकुलचा आवाज, "बाबा, अहो, कुणाचाय? ठेवा, ठेवा तो." आणि फोन बंद.

सुचेता धक्क्याच्या लोखंडी खुंट्यावर बसली. पायाखालच्या पाण्यात दोन टिस्टी पक्षी बुडी मारत होते आणि भलतीकडेच वर येत होते. बाबा होते. बाबा आहेत. रविवारचा दहावा तिनं मनातून पुसून टाकला, दोन्ही हातांनी पुसावा तसा. आणि मग तो श्वास तिला पुन्हा ऐकू आला. असे श्वास तिच्याकडे हॉस्पिटलात येत. डोक्यातली एक बारीक शीर फुटलेली किंवा बुजलेली माणसं, डोळे सगळं बोलतात, जीभ नाही.

लग्नानंतर दोन वर्षं अतुल 'अहो' होता. ग्लासगोला आल्यावर तो 'अतुल' झाला, 'तू' झाला. पण सुचेता खरोखर रागावली की तो परत 'अहो' व्हायचा, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुधाचा कॅन हातात घेऊन तो धक्क्यावर आला तेव्हा तिनं बसल्या जागेवरून हाक मारली.

"अहो. इकडे या."

अतुलनं दूध खाली ठेवलं. मागून येणारी अन्वी जागीच थांबली.

"बाबांची वाचा गेलीय," सुचेता म्हणाली. "मी घरी फोन लावला होता, त्यांनी उचलला. मला सगळं कळलंय. तरी मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

अतुल तिच्यासमोर धक्क्याच्या ओल्या दगडांवर खाली बसला, गुडघे दुखत असूनही. मग त्यानं सगळं सांगितलं, घाई न करता. शुक्रवारी पहाटे बाबा अंघोळीला उठले आणि मोरीत कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा. साताऱ्याला हॉस्पिटलात हलवलं. जिवाला धोका नाही, असं शनिवारी डॉक्टर म्हणाले. काल घरी आणलं. कळतं सगळं, गिळता येतं, डाव्या हातानं लिहितात. वाचेचं कुणी काही सांगत नाही. सहा महिन्यांत थोडी येईल, किंवा नाही.

"शपथ घेतली होती तुम्ही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

"हो."

"आणि तिलाच सामील करून घेतलंत."

"मला शनिवारी कळला, आई," अन्वी मागून म्हणाली. मग तिला मराठी पुरेना, ती इंग्रजीत रडत बोलली, की तिनं बाबाला रोज सांगितलं आईला सांग म्हणून, आणि आजोबांनी लिहिलेलं वाचल्यावर तिला काय करावं ते कळेना.

"काय लिहिलंय आजोबांनी?"

अतुलनं फोन काढला, त्यातला एक फोटो उघडला आणि तिच्या हातात दिला. हॉस्पिटलच्या कॉटवर नकुलच्या मुलीचा पांढरा बोर्ड, शाळेत चित्रं काढायचा. त्यावर हिरव्या पेननं, डाव्या हाताची, पडत-झडत गेलेली अक्षरं. शाळेच्या फळ्यावर एकेकाळी मोत्यासारखं लिहिणाऱ्या मास्तरांची ही अक्षरं तिनं आधी ओळखलीच नाहीत.

सुची पाण्यात आहे. काठाला लागू दे.

खाली शनिवारची तारीख होती. हॉस्पिटलच्या खाटेवर, अर्धं अंग गेलेलं असताना, मास्तरांनी तारीख घातली होती.

 सुचेताला घाटावरच्या त्या ओरडणाऱ्या बाई आठवल्या, गटांगळ्या खाणारं पोर आठवलं. मग तिनं मान वर केली.

"हे शनिवारचं आहे. शनिवारी आपण इकडे यायच्या फेरीबोटीत होतो, कबूल. पण शुक्रवारी मी पाण्यात नव्हते. शुक्रवारी मी घरी बॅगा भरत होते. तुमच्या शर्टांना इस्त्री करत होते."

अतुलनं मान हलवली. "शनिवारपासूनचं बाबांनी सांगितलं म्हणून. शुक्रवारचं माझं आहे. आई गेल्यावर तू फरशीवर बसली होतीस, ते मला परत बघवणार नव्हतं. हिंमत झाली नाही. दुसरं काही कारण नाही, सुचेता. असतं तर सांगितलं असतं."

पाच दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज कुठंही न थांबता आला. तिनं तो तपासला, सवयीनं, आणि तो खरा होता. खरा असल्यानं राग गेला नाही. पण रागाला बसायला जागा तरी मिळाली. घरी गेल्यावर याचं बघायचं होतं, आणि ते सोपं नसणार हे दोघांनाही कळलं.

"नकुलला व्हिडिओ कॉल लाव," ती म्हणाली. त्या 'लाव'वर अतुलनं झटकन वर बघितलं आणि नंबर लावला.

पडद्यावर आधी नकुल आला, घाबरलेला, "ताई, मी सांगणारच होतो" म्हणत. तिनं त्याला थांबवलं आणि बाबांकडे दे म्हणाली. चित्र हललं, छत दिसलं, औषधांच्या बाटल्या दिसल्या, आणि मग बाबा. उशांना टेकवलेले. दाढी वाढलेली, ओठाची उजवी कड खाली ओघळलेली. डोळे मात्र घाटावरचेच. त्यांनी तिला बघितलं, तिच्या मागचं पाणी बघितलं, आणि डाव्या हातानं बोर्ड चाचपायला लागले.

"राहू द्या बाबा. बोर्ड नको," ती म्हणाली. "मी काठाला लागलेय. हे बघा." तिनं फोन खाली करून त्यांना धक्क्याचा दगड दाखवला, त्यावर टेकलेले आपले बूट दाखवले. "शुक्रवारपर्यंत येते मी वाईला. तोवर तुम्ही बोलायचं नाही, मी बोलणार. रविवारी तुम्ही म्हणता ते मीच म्हणते. बोला, वाई."

बाबांच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा होता. इतर कुणाला कळला नसता.

अन्वी येऊन आईच्या खांद्याला चिकटली आणि पडद्यात शिरली. अतुल दोन पावलं मागं उभा राहिला, दुधाचा कॅन परत हातात घेऊन, जणू कुणी त्याला तो धरायला सांगितलं असावं. सुचेतानं फोन जवळ घेतला. बाबा वाट बघत होते. पोरांना पोहायला शिकवणारा माणूस बघतो तशी, घाई नसलेली वाट.

"बाबा, एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगता ना, पोरीला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही म्हणून. मी कधी बोलले नाही. तुम्हाला ती सांगताना इतका आनंद व्हायचा. पण मला कळलं होतं. निम्म्या नदीतच कळलं होतं. तुम्ही 'धरलंय, धरलंय' म्हणत होतात, आणि तुमचा आवाज मागून येत होता."